अग्निबाणाचें खाद्य

अंतराळांत हवा नसते. तेव्हां अग्निबाणाला इंधनाबरोबर तें जाळणारें द्रव्यहि सोबत न्यावें लागतें. ‘विकास’ एंजिनाचें असें द्रव्य, नायट्रोजन टेट्रॉक्साइड, नव्या मुंबईपलीकडील रसायनी येथें हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्यांत होत असे. इंधनाशीं गांठ पडतांच ठिणगीवांचून जाळ होतो. पण तें 21 अंशांवरच उकळतें, आणि त्याची तांबूस वाफ प्राणघातक! 2017 सालीं तोट्यापायीं तेथील बाकीचे विभाग बंद करण्याचें सरकारनें ठरविलें. हा एकच ‘इस्रो’कडे सोंपविण्याचा निर्णय झाला, कारण देशांत हें द्रव्य दुसरीकडे होत नव्हतें. तोट्यांतल्या कारखान्यावर एवढी भिस्त असावी, हें थोडें बोचतेंच. आतां द्रवरूप प्राणवायु व केरोसीन यांवर चालणाऱ्या एंजिनाच्या चाचण्या सुरू आहेत.