खुब्याचे दुखणे आणि वेळेचे भान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते शास्त्र शिकवीत असत. मी जन्मभर मराठी शिकवले. आज मात्र मी त्यांच्या प्रांतात पाऊल टाकीत आहे. त्याला कारण माझाच खुबा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ असे निदान केले. रक्तपुरवठा तुटल्यामुळे हाडाचा भाग मृत होणे, हा त्याचा अर्थ. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक या विकाराला विशेषेकरून बळी पडते.

खुब्याजवळचा अस्थिभंग, मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, अतिमद्यपान, सिकलसेल ही त्याची प्रमुख कारणे होत. २०२०-२१ च्या कोविडच्या साथीनंतर, स्टेरॉइड्स घेतलेल्या काही रुग्णांत हा विकार आढळल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली. तथापि याच औषधाने अनेकांचे प्राणही वाचले. म्हणून ते आपल्या मनाने घेऊही नये आणि एकाएकी सोडूही नये.

उपचारांची निवड मुख्यतः एका प्रश्नावर अवलंबून असते : ते टोक अजून गोल आहे, की खचले आहे? गोल असेल, तर हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करतात. कधी तेथे रुग्णाचेच दुसरे हाड किंवा अस्थिमज्जेतील पेशी भरतात. काहींना औषधे आणि कुबडीचा आधार देऊन पाहतात, पण त्याने हाड खचणे टळेलच अशी हमी नसते. टोक खचून सांधा झिजला, की बहुधा कृत्रिम सांधा बसवणे हाच मार्ग उरतो. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी या शस्त्रक्रियेला भरवशाचे रूप दिले. माझ्या वयाला ती मानवली. परंतु हा विकार पुष्कळदा तिशी ते पन्नाशीत गाठतो, आणि त्या वयात बसवलेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो.

म्हणून वेळेला महत्त्व. आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. एक खुबा बिघडला असेल, तर दुसराही तपासून घ्यावा.

शिक्षकांना एक विनंती. साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांत याच जातीचा ‘पर्थीस’ नावाचा विकार होतो. मूल लंगडते आणि दुखते कुठे विचारले, तर कित्येकदा गुडघ्याकडे बोट दाखवते. लहान वयात हाड पुन्हा घडण्याची शक्ती मोठी असते. गोल टोक खोबणीत नीट राहील एवढे मात्र पाहावे लागते. तेव्हा कवायतीच्या तासाला मागे राहणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणण्यापूर्वी त्याची चाल पाहावी, आणि पालकांना निरोप धाडावा.