गाडी सरासरीवरून धावत नाही
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



विद्येच्या देवतेपुढे आज थोडे संख्याशास्त्र. मुलांनो, घाबरू नका, परीक्षा नाही! ज्या बंगालमध्ये आपण नोकरीनिमित्त स्थायिक झालो, तिथेच प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

आमच्या रेल्वेतलेच उदाहरण घ्या. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. समजा, एका ठिकाणी ते १० मिलिमीटर जास्त भरले आणि दुसऱ्या ठिकाणी १० ने कमी. सरासरी अगदी बरोबर १६७६! कागदावर सारे ठीक. पण गाडी सरासरीवरून धावत नाही, रुळावरून धावते.

आपल्या मुलांना सूत्रे पाठ असतात, गुणही मिळतात. सरासरी काय लपवते, हे मात्र कळत नाही. इथे संगणक मदतीला येतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेले जिओजेब्रा आज मोबाइलवरही चालते. त्यात आकडे ठिपक्यांच्या रूपात मांडता येतात आणि ते बोटाने सरकवता येतात.

समजा, आठवड्यात गाडीला ५, ५, ६, ७, ८, ९ आणि १० मिनिटे उशीर झाला. सरासरी सुमारे ७. मध्यक, म्हणजे क्रमाने मधली संख्या, तीही ७. आता मुलाला विचारा, १० चा ठिपका १०० वर नेला तर काय होईल? आधी त्याला अंदाज सांगू द्या, मगच ठिपका सरकवू द्या. सरासरी उडी मारून २० वर जाते, मध्यक जागचा हलत नाही. आणि २० मिनिटे उशीर तर एकाही दिवशी झालेला नाही! हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल विसरत नाही.

मात्र 'आधी अंदाज' हा नियम सोडू नका. नाहीतर तो नुसता रंगीत खेळ होतो.

पालकांनो, रविवारी एक तास मुलाशेजारी बसा. उद्या कुणी त्याला 'सरासरी इतका परतावा' सांगून पैसे गुंतवायला लावील, तेव्हा "सगळे आकडे दाखवा" असे म्हणण्याची हिंमत त्याला त्या तासातून येईल.

गणपती बाप्पा मोरया!