मराठीच्या तासाला मराठी ऐकू आली पाहिजे



 

मराठी शिक्षकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी सीमाभागातल्या मराठी अध्यापनाचा आढावा घ्यावा, अशी संयोजकांची सूचना होती. टिपणे काढून मी ती त्यांच्याकडे दिली आहेत. तुकड्या कुठे घटल्या, पाठ्यपुस्तके कशी बदलली, शिक्षकांच्या जागा किती काळ रिकाम्या राहिल्या, हे आपण रोज भोगतो आहोत. ते मी पुन्हा ऐकवणार नाही. चौतीस वर्षे धारवाडात मराठी शिकवताना एक गोष्ट मला सलत आली आहे, आणि आज तेवढीच बोलणार आहे.

आपल्या मराठीच्या तासाला मराठी ऐकू येत नाही. कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यातून चालत जा. कन्नडच्या वर्गातून पद्य ऐकू येईल, गणिताच्या वर्गातून पाढे ऐकू येतील. मराठीच्या वर्गातून ऐकू येईल ‘लिहून घ्या’. कवी परिचय लिहून घ्या, मध्यवर्ती कल्पना लिहून घ्या, संदर्भासह स्पष्टीकरण लिहून घ्या. कविता मात्र कुणी म्हणत नाही आणि धडा कुणी वाचत नाही. नाटकाचा उतारा असला तर त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर येतात आणि नाटक पुस्तकात पडून राहते. जे मूल घरी आरे मराठी बोलते, गल्लीत कन्नड बोलते आणि दुकानात दखनी उर्दूत हिशेब करते, त्याच्या कानावर ग्रंथातली मराठी पडायची ही एकच जागा आहे, आणि तिथेच आपण गप्प आहोत!

सकाळच्या चर्चासत्रात वाद झाला, आधी शुद्ध उच्चार की आधी वाचन? दोन्ही बाजूंनी जोरदार बोलले गेले. मी एका मुलाची हकीकत सांगतो.

आठवीतला मुलगा. वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. आपल्या लिपीत ‘जरा’ हा शब्द एकाच तऱ्हेने लिहितात. जीभ दातांमागे टेकवली तर त्याचा अर्थ थोडेसे, टाळूला लावली तर म्हातारपण. ‘जग’चेही तसेच. टाळूचा ज म्हटला तर दुनिया, दातांचा म्हटला तर जगण्याची आज्ञा. कागदावर हा फरक दिसत नाही, तो कानानेच कळतो. कन्नडमध्ये दातांमागचा च-ज नाही. त्यामुळे हा मुलगा सगळे टाळूनेच वाचायचा. माझ्या एका सहकाऱ्यांनी त्याला एका वाक्यात चार वेळा थांबवले. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर त्याचे नाव पुकारले की उत्तर ठरलेले, ‘सर, घसा बसलाय.’

नववीत तो माझ्याकडे आला. मी त्याला काहीही सुधारून सांगितले नाही. रोज तासाची पहिली दहा मिनिटे मी वाचायचो आणि सगळा वर्ग माझ्यामागून हलक्या आवाजात म्हणायचा. एकट्याला उभे करायचे नाही, एवढाच नियम. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आपणहून उभा राहिला आणि अर्धे पान वाचले. दातांचा ज दातांवर आला होता. तो कधी आला, ते त्यालाही कळले नव्हते. माझ्यापुरता हा वाद त्या दिवशी मिटला.

आणि उच्चारांचा धाक आपण कुणाला घालतो आहोत? इथून जवळच कुंदगोळ आहे. तिथले रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, कन्नड घरातले. मराठी रंगभूमीवर त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. त्यांच्याकडे शिकायला आलेले भीमसेन जोशी गदगचे, तेही कन्नडच. त्यांच्या तोंडून अभंग ऐकत महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाढल्या. ही मराठी त्यांना कानाने मिळाली. गाण्याची तालीम चालायची त्या कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात व्याकरणाचा तास भरत नव्हता.

दुसरा आक्षेप पोर्शनचा. ‘सर, वाचत बसलो, नाटक करत बसलो तर पोर्शन कधी संपवायचा?’ आता मी ज्याविषयी बोलणार आहे, ते कित्येक वर्षे मनात धरून ठेवले आहे.

१९८७ साल. दहावीला अवांतर वाचन म्हणून मी गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तले प्रवेश घेत असे.  तोवर मी ते अकरा वर्षे शिकवत होतो. सिंधूचे दारिद्र्य समजावून सांगायचो. करुणरस, पातिव्रत्य, त्या काळचा समाज, सगळे मुद्दे फळ्यावर असायचे. त्या वर्षी ठरवले, समजावून सांगायचे नाही. बाके भिंतीला लावली. दोन मुले सुधाकर आणि तळीराम झाली. सिंधू झाली एक अबोल मुलगी. सिंधू दळण दळते आहे. त्या मुलीने कुणीही न सांगता आपल्या डब्याचे स्टीलचे झाकण बाकावर पालथे घातले, त्यावर मूठ ठेवली आणि ते फिरवत वाचू लागली. घर्र, घर्र. तिच्या घरी आजी जात्यावर जोंधळे दळायची, ती लय तिच्या हाताला ठाऊक होती. झाकण अडले की तिचे वाक्य अडायचे, झाकण फिरले की पुढे जायचे. दम कुठे लागतो, शब्द कुठे तुटतो, हे तिला कुणी शिकवले नव्हते. अकरा वर्षांत त्या प्रवेशातले जाते मला एकदाही ऐकू आले नव्हते, ते त्या दिवशी ऐकले.

त्याच तासाला तपासणीसाठी आलेले एक अधिकारी दाराशी उभे होते. ते आत आले नाहीत. संध्याकाळी शेरा मिळाला, लाल शाईत. ‘वर्गात भांड्यांचा आवाज. पाठ्यक्रम मागे.’

त्या पाच शब्दांची मी नक्कल करून ठेवली आहे. त्या अधिकाऱ्यांपुढे मला काही बोलता आले नाही, नोकरीत कायम होऊन चारच वर्षे झाली होती. आज बोलतो. पाठ्यक्रम मागे नव्हता. पाठ्यक्रम प्रथमच वर्गात आला होता. त्या तुकडीतली मुले आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. बाजारात भेटली की सिंधूचा तास काढतात. मी लिहून दिलेली उत्तरे त्यांतल्या एकालाही आठवत नाहीत.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. प्रयोग मुलांचा व्हायला हवा. काही शिक्षक स्वतःच नट होतात. मुले टाळ्या वाजवतात, सरांचे कौतुक करतात आणि पुस्तक उघडायला घाबरतात, कारण सरांसारखे आपल्याला जमणार नाही. शिक्षकाने स्वच्छ, सावकाश, साधे वाचावे आणि मुलांसाठी जागा मोकळी करावी.

हे काही मी नवे सांगत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. ती श्रोत्यांसमोर सांगितली गेली, तिच्यात ज्ञानदेव पदोपदी श्रोत्यांशी बोलतात. नाथांचे भारूड सोंग घेऊन उभे राहिल्याशिवाय पुरे होत नाही. आपले साहित्य तोंडातून निघून कानात शिरत आले. आणि रंगभूमीबाबत तर या प्रदेशाचे ऋण मराठीने मान्यच केले पाहिजे. होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली, राजेसाहेबांनी तसे मराठीत करायला सांगितले, आणि १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावात शाळामास्तर होते. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे विद्यार्थी. गुरूने ‘शाकुंतल’ दिले, शिष्याने ‘शारदा’ दिले. एका मास्तराच्या नाटकाच्या नादातून मराठीला काय मिळाले, हे पाहा, आणि मग आपल्या वेळापत्रकात त्या नादाला किती मिनिटे आहेत ते मोजा.

धारवाडच्या साधनकेरीत राहणारे बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडचे महाकवी झाले. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्यांची कविता त्यांच्याच तोंडून ऐकलेली माणसे या गावात अजून आहेत. छापील पान आणि तो आवाज या दोन वेगळ्या वस्तू होत्या, असे ती सांगतात. ही माणसे पाच-दहा वर्षांत राहणार नाहीत. मला वाईट वाटते ते याचे, की आमच्या मराठी वर्गांत असा आवाज कानात घेऊन बाहेर पडणारे मूल आता विरळ झाले आहे.

काय करायचे? पाठ्यपुस्तकातल्या कविता चांगल्या वाचकांकडून ध्वनिमुद्रित करून शाळांना द्याव्यात. सुट्टीत शिक्षकांसाठी वाचनाची शिबिरे घ्यावीत. वर्गात करता येतील अशा छोट्या प्रवेशांचे एक पुस्तक काढावे. दहावीच्या लेखी परीक्षेत वाचनाला गुण नाहीत, त्याविषयी खात्याकडे निवेदन जावे. हे सारे कुणी, कधी, कोणत्या पैशातून, ते कार्यकारिणीने ठरवावे. माझा भरवसा निवेदनावर कमी आणि तासाच्या पहिल्या दहा मिनिटांवर जास्त आहे. ती दहा मिनिटे कुणाच्या परवानगीवाचून आपल्या हातात आहेत.

कार्यक्रमपत्रिकेत दुपारी तीन वाजता परिसंवाद छापला आहे. संयोजकांना विनंती करून मी तो रद्द करून घेतला. त्या वेळी नववीची बावीस मुले या मंचावर वाचणार आहेत. पोशाख नाही, पडदा नाही, हातात फक्त पुस्तक. त्यांतली अकरा कन्नड घरांतली आहेत, तीन दखनी बोलणारी. आपण जेवून वेळेवर या आणि पुढच्या रांगांत बसा. मुले अडखळतील. कुणीही मध्येच उठून त्यांचा उच्चार सुधारू नका.