जिवाणूंची वस्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी मी जिवाणूंवर बोलणार, हे कळल्यावर “सणासुदीला हे रोगराईचे पुराण कशाला?” असे काहीजणींनी हसत हसत विचारले. प्रश्न वाजवी आहे. पण जिवाणू म्हणजे रोग, ही समजूत अर्धीच खरी आहे. पटकी होते ती जिवाणूंमुळे आणि ताकाला चव येते तीही जिवाणूंमुळेच. आज मला त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगायची आहे. जिवाणू सहसा एकेकटे राहत नाहीत. ते वस्ती करून राहतात. हे ध्यानात आले, म्हणजे घरचा माठ कसा घासावा आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर कसे जपावे, या दोन्ही गोष्टी आपोआप उलगडतात.

प्रथम त्यांची वाढ पाहू. एका जिवाणूचे दोन होतात, दोहोंचे चार. अन्न, ओल आणि ऊब मनाजोगी मिळाली, तर काही जातींना दुप्पट व्हायला वीस मिनिटे पुरतात. या हिशेबाने रात्री दहाला एक जिवाणू असेल, तर सकाळी सहाला त्यांची संख्या १ कोटी ६७ लाखांवर जाईल! ही वाढ अखंड चालत नाही, कारण अन्न संपते आणि त्यांनीच केलेल्या आंबटपणात ते कोंडले जातात. थंडीत विरजणाचे भांडे आपण उबेला ठेवतो आणि दही लागले की गार जागी हलवतो. दोन्ही वेळा या वाढीची दोरी आपल्याच हाती असते.

दह्यात पुष्कळदा एक जोडी सापडते. त्यातला एक स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि दुसरा लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस. नावे अवघड आहेत, पण संसार आपल्या ओळखीचा आहे. पहिला दुधातली साखर पचवताना फॉर्मिक आम्ल सोडतो, ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते. दुसरा दुधातली प्रथिने फोडतो, त्यांचे बारीक तुकडे पहिल्याला मिळतात. दोघे एकत्र असले की दही एकेकट्यापेक्षा लवकर लागते.

आता माठाकडे वळू. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येईलच असा भरवसा नसतो. पाणी साठवावेच लागते. चार दिवसांनी रांजणाच्या आत हात फिरवून पाहा, बुळबुळीत लागेल. तो थर म्हणजे नुसता मळ नव्हे, ते जिवाणूंचे गाव आहे. काही जिवाणू भिंतीला चिकटतात, अंगातून चिकट द्रव्य सोडतात आणि त्यात घर करतात. मागून आलेले त्याच आश्रयाला राहतात. कित्येक जाती एक रासायनिक खूण पाण्यात सोडत असतात. ती खूण दाट झाली, की ‘आता आपण पुरेसे जमलो’ हे त्यांना उमगते आणि मग एकट्याने न साधणारी कामे त्या मिळून करू लागतात.

या गावाचा कोट किती भक्कम असतो, हे हॉलंडमधल्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिले. १६८३ च्या सुमारास त्याने स्वतःच्या दातांवरचे किटण खरवडून आपल्या भिंगाखाली धरले, तर त्यात जीव वळवळत होते! शिरक्याने दात धुतले तेव्हा थराच्या बाहेरचे तेवढे मेले. शिरका आतपर्यंत पोचलाच नाही. आजही हेच खरे आहे. थराच्या पोटातले जिवाणू औषधाला सहजी दाद देत नाहीत, आणि काही तर निपचित पडून संकट टाळतात.

म्हणून भगिनींनो, नुसते पाणी बदलून भागत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरतातच असे नाही. क्लोरीनचे थेंब पाण्यातल्या जंतूंना मारतात, पण भिंतीवरच्या थराचे पुरते काम करीत नाहीत. आधी काथ्याने आतून घासून थर मोडावा, गरम पाण्याने खळबळून भांडे कडक उन्हात वाळवावे, आणि मग पाणी भरून औषध घालावे. पाणी घ्यायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, म्हणजे हात बुडत नाही.

घरचे गाव मोडायचे, पण लोणारचे गाव जपायचे. उल्का आदळून पडलेले, काठापाशी सुमारे १.८ किलोमीटर रुंद असे हे विवर. त्यात आलेल्या पाण्याला बाहेर वाट नाही. ते उन्हाने आटते आणि क्षार मागे राहतात, म्हणून पाणी साबणाच्या पाण्यासारखे झोंबते. तरीही तिथे वस्ती आहे. हिरवे नील-हरित जिवाणू उन्हावर अन्न शिजवतात. त्यांचे उरलेसुरले तळाशी जाते, तिथे प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू ते खाऊन सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सोडतात, काही सूक्ष्मजीव मिथेन करतात, आणि तो मिथेन खाऊन जगणारे आणखी निराळेच. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे ताट.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, हे आपल्याला आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला, तेव्हा खाऱ्या पाण्यात रमणारे हॅलोआर्किया माजले आणि त्यांच्या अंगच्या रंगाने सरोवर रंगले. हे जिवाणूंसारखेच दिसणारे, पण निराळ्या कुळातले जीव. पावसाने पाणी पातळ झाले आणि रंग ओसरला. खारेपणा जरासा बदलला, तर वस्तीतले कारभारी कसे बदलतात, हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले.

म्हणून नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला जाल, तेव्हा निर्माल्य पाण्यात सोडू नका आणि साबण लावून कपडे धुऊ नका. गावाचे सांडपाणी विवरात उतरू नये, यासाठी बायकांनी ग्रामसभेत आणि नगर परिषदेत आग्रह धरावा. हजारो वर्षांची ती वस्ती आपल्या गैरसावधपणाने उठली, तर ती पुन्हा वसवण्याचे विरजण कुणाच्याच घरी नाही.