वसंतांतील घरची बाग आणि गळलेलें पान

वसंत ऋतु आला म्हणजे बागेला सुगीचे दिवस आले अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि पाहणाऱ्याला ती खरीहि वाटते. निष्पर्ण फांद्यांवर पळस-पांगारे फुलतात, पिंपळाला तांबूस, तुळतुळीत पालवी फुटते, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास कडुलिंब कोवळ्या पानांनीं व बारीक पांढऱ्या फुलांनीं भरून जातो. परंतु दख्खनच्या पठारावर या वैभवाच्या मुळाशीं एक विसंगति आहे. पुण्यासारख्या शहरांत वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. झाडांना नवीं पानें येतात तीं नेमकीं अशा वेळीं कीं, मागचा पाऊस जाऊन पांच-सहा महिने लोटलेले असतात आणि पुढचा अजून दोन-अडीच महिने दूर असतो. जुन्या वृक्षांना हें साधतें, कारण त्यांचीं मुळें खोल ओलाव्यापर्यंत पोंचलेलीं असतात. कुंडींतला मोगरा किंवा गेल्या पावसाळ्यांत लावलेलें आंब्याचें कलम यांना तो आधार नसतो; त्यांची सारी भिस्त घरच्या माणसांवर.

विलायती बागकामाच्या पुस्तकांत वसंत हा पेरणीचा, लावणीचा आणि गुलाबाच्या छाटणीचा काळ म्हणून सांगितलेला असतो. तेथें हिंवाळा झाडांची परीक्षा पाहतो. येथें उन्हाळा पाहतो. म्हणून तें वेळापत्रक इकडे लागू करणें म्हणजे झाडांना संकटांत घालणें होय. दख्खनमध्यें गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास होते. चैत्रांत सुकलेलीं फुलें खुडावीं, याहून अधिक कात्री चालवूं नये. नवीं रोपें लावणें, कुंड्या बदलणें हीं कामें आषाढावर टाकावीं. मोगऱ्याचा मात्र हाच हंगाम. त्याचीं फुलें नव्या फुटीवर येतात. म्हणून एक बहर ओसरतांच शेंडे हलके खुडले आणि मूठभर कुजलेलें खत दिलें कीं झुडूप पुन्हां कळ्यांना लागतें. आंब्याला कैऱ्या धरल्या असतील तर पाणी नियमानें द्यावें. कांहीं दिवस कोरडें ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास फळें गळतात.

वसंतांतील बागकामाचें खरें सूत्र लावणी नव्हे, तर राखण. आणि राखावयाचा असतो तो ओलावा. यासाठीं लागणारें साहित्य निसर्ग त्याच सुमारास दारांत आणून टाकतो: तें म्हणजे गळलेलें पान. झाडलोटीच्या हौसेनें पुष्कळ घरीं हा पाचोळा गोळा करून पेटविला जातो. त्यानें अंगण स्वच्छ दिसतें खरें, पण पानांतील नत्र धुराबरोबर जातें, हवा बिघडते, आणि उघड्या पडलेल्या मातींतली ओल चैत्राचें ऊन शोषून घेतें. तोच पाचोळा आळ्यांत दोन-तीन इंच जाडीचा पसरला तर माती थंड राहते व पाणी निम्म्या वाटेंत उडून जात नाहीं. एवढेंच पाहावें कीं, खोडाभोंवतीं चार बोटें जागा मोकळी राहील. नाहींतर वाळवीला आमंत्रण मिळतें.

उरलेल्या पानांचें खत करावें. १९२४ सालीं इंदूर येथें स्थापन झालेल्या वनस्पति-संशोधन संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं काडीकचरा, पाचोळा आणि शेण यांचे थर रचून व ते ठराविक काळानें चाळवून सुमारें तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसविली. १९३१ सालीं दोघांच्या नांवानें तिच्यावरील पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि 'इंदूर पद्धति' या नांवानें ती देशोदेशीं गेली. घरच्या बागेंत तिचें छोटें रूप सहज साधतें. वाळक्या पानांचा एक थर, त्यावर भाजीच्या देठांचा व सालींचा, मग थोडें शेण किंवा जुनें खत आणि माती, असे थर रचावे. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवावा आणि अधूनमधून वरखालीं करावा.

श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या दारीं अंगण नसेल. गच्चीवरील दहा-वीस कुंड्या हीच त्यांची बाग. तेथें उन्हाचा मारा दुहेरी असतो, कारण खालची फरशीहि तापते. कुंड्या विटांवर ठेवून एकमेकींजवळ आणल्या, मोठ्यांच्या सांवलींत लहान ठेवल्या, तर फरक पडतो. पाणी सकाळीं लवकर किंवा ऊन उतरल्यावर घालावें. जमिनींतील झाडांना रोज वरवर शिंपण्यापेक्षां आठ-दहा दिवसांनीं आळें भरून दिलेलें पाणी अधिक मानवतें, कारण त्याच्या मागोमाग मुळें खोल जातात. लहान कलमाशेजारीं एक साधें भाजलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलें व वर झांकण घातलें, तर माती जसजशी सुकते तसतसें पाणी आपोआप झिरपत राहतें. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणीहि येथें कामीं येतें. साबणाचें मात्र नको.

वैशाखांत पाणी खरोखरच अपुरें पडलें, तर निवड करावी लागते. अशा वेळीं फुलांच्या रंगाला न भुलतां कोणतें झाड परत मिळण्याजोगें नाहीं हें पाहावें. हंगामी फुलझाडें पुढच्या वर्षीं चिमूटभर बियांतून उगवतात. कलम वाळलें तर त्याबरोबर तीन-चार वर्षांची वाढ जाते. म्हणून पहिली बादली लहान कलमांची, दुसरी बारमाही झुडुपांची, आणि उरलें तर हंगामी फुलांची.

गुढीपाडव्याच्या सुमारास रचलेला पानांचा ढीग मृगाच्या आगेमागें काळसर व भुसभुशीत होऊं लागतो. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर नवीं रोपें लावावयाचीं, तेव्हां खड्ड्याच्या तळाशीं घालावयास तेंच खत हाताशीं असतें.