शांतता आणि शांती : एका स्तूपाचे फोटो काढताना

(कोल्हापुरात भरलेल्या छोट्या छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. गेली तेवीस वर्षं मी लग्नाचे फोटो काढतो. माझ्या धंद्यात बोलायचं म्हणजे 'दादा, जरा इकडं बघा' आणि 'काकू, थोडं पुढं या', एवढंच. आज संयोजकांनी सांगितलं, की भिंतीवर बावीस फोटो लावलेत, तर त्यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. म्हणून उभा आहे.

हे फोटो वर्ध्याच्या विश्वशांती स्तूपाचे आहेत. विदर्भात एका लग्नाची ऑर्डर होती, ती आटोपल्यावर मी दीड दिवस थांबलो. गोपुरीत, गीताई मंदिराच्या शेजारी हा स्तूप आहे. पांढराशुभ्र घुमट, वर चढायला पायऱ्या, भोवती प्रदक्षिणेची वाट आणि चार दिशांना बुद्धाच्या चार सोनेरी मूर्ती. शेजारचं गीताई मंदिर म्हणजे उघड्या आभाळाखाली उभ्या केलेल्या शिळा. त्यांवर विनोबांची गीताई कोरलेली आहे, आत मूर्ती नाही. एकीकडे मूर्तीशिवायचं मंदिर, दुसरीकडे मूर्ती असलेला स्तूप, आणि मधून कॅमेरा घेऊन फिरणारा मी मुसलमान. मला मजा वाटली.

पांढऱ्या वास्तूचा फोटो काढणं अवघड असतं. कॅमेऱ्याचा मीटर भोळा असतो. समोर सगळं पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, मग तो पांढऱ्याचं राखाडी करून टाकतो. नवरीच्या पांढऱ्या शालूचं हेच होतं. तिथं मीटरचं ऐकायचं नसतं, एक्स्पोजर आपण हातानं वाढवायचं. सकाळचे पहिले साठ-सत्तर फोटो त्यातच गेले. दुसरी अडचण कुठल्याही लेन्सनं सुटत नाही. चारही मूर्ती एका फ्रेममध्ये येत नाहीत. कुठंही उभं राहा, एक नीट दिसते, फार तर दुसरीची कड दिसते, उरलेल्या घुमटाच्या पाठीमागं. हे बावीस फोटो म्हणूनच असे गोल लावलेत. चालत बघा, एका जागी उभं राहून बघू नका.

स्तूपामागं निचिदात्सु फुजी नावाच्या जपानी भिक्खूची प्रेरणा आहे. १८८५ साली जन्म, १९८५ साली मृत्यू, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांचं आयुष्य. १९३१ साली ते भारतात आले आणि १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणत. पुढं हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले आणि फुजींनी ठिकठिकाणी शांतिस्तूप उभारायचा ध्यास घेतला. आपल्याकडं राजगीरचा स्तूप १९६९ सालचा, ओडिशातल्या धौलीचा १९७२ सालचा, लेहचा १९९१ सालचा. वर्ध्याचाही त्याच माळेतला.

मला मात्र स्तूपापेक्षा सेवाग्रामच्या प्रार्थनेची गोष्ट जास्त भावली. फुजींचा एक शिष्य सेवाग्राम आश्रमात राहत होता. हातात छोटा ढोल घेऊन तो सकाळ-संध्याकाळ आपला मंत्र म्हणायचा. दुसऱ्या महायुद्धात जपान ब्रिटिशांचा शत्रू ठरला आणि पोलीस त्याला आश्रमातून घेऊन गेले. माणूस गेला, पण गांधीजींनी त्याचा मंत्र प्रार्थनेत ठेवला, तोही सुरुवातीला. त्याच प्रार्थनेत पुढं ईशोपनिषद येतं, कुराणातल्या आयती येतात, पारशी प्रार्थना येते. शत्रुराष्ट्राच्या माणसाची प्रार्थना ऐन युद्धात रोज म्हणायची, याला काय काळीज लागलं असेल! आणि हे कुणाला खुपलं नाही असंही नाही. १९४७ साली दिल्लीत कुराणातल्या आयती म्हणायला लोकांनी हरकत घेतली तेव्हा गांधीजींनी त्या गाळून उरलेली प्रार्थना पुढं रेटली नाही, सगळी प्रार्थनाच थांबवली. म्हणाल तर सगळं म्हणा, नाहीतर काहीच नको.

आता घरचा विषय. हे फोटो मी मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना दाखवले. मनानं चांगला माणूस, पाच वक्ताचा नमाजी. बघून म्हणाले, "बेटा, फोटो झकास आहेत. पण मुसलमानानं मूर्तीचे फोटो कशाला काढावेत?" मी म्हटलं, "चाचा, हजच्या फॉर्मला तुम्ही फोटो चिकटवलाच होता की, आणि तो मीच काढला होता." हसले. पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, कारण तो नेऊन पोचतो थेट बामियानला.

मार्च २००१ मध्ये तालिबाननं बामियानचे बुद्ध उडवले. एक पंचावन्न मीटर उंच, दुसरा अडतीस मीटर. आपल्याकडं अजूनही काही जण म्हणतात, 'इस्लामनं बुद्ध फोडले.' मग विचारावंसं वाटतं, त्याआधी सुमारे हजार वर्षं ते कुणाच्या वस्तीत उभे होते? मुसलमानांच्याच. तिथल्या हजारा लोकांनी त्यांना आपलंसं करून नावंसुद्धा दिली होती, सलसाल आणि शाहमामा. त्यांच्या गोष्टींत ती प्रेमी जोडी आहे. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेचं शिष्टमंडळ तालिबानला समजवायला कंदाहारला गेलं होतं, त्यात मोठे आलिम होते. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. मूर्ती उडवण्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी २००१ मध्ये, बामियानजवळच्या याकावलांगमध्ये तालिबाननं शंभरावर हजारा पुरुषांना धरून गोळ्या घातल्या. मूर्ती पडताना सगळ्या जगानं पाहिल्या, फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. याकावलांगचा एक तरी फोटो तुम्ही पाहिलाय का? मीही पाहिलेला नाही, आणि माझा तर हा धंदा आहे. ज्यांनी बुद्धांना सलसाल आणि शाहमामा म्हटलं ती माणसं आधी मारली गेली, मूर्ती नंतर पडल्या. स्मारक सांभाळायचं तर त्याच्या शेजारी राहणारा माणूस आधी सांभाळावा लागतो, असं मी त्यातून समजलो.

फोटोवरून आठवलं. माझा भाचा अकरावीत आहे. वर्ध्याहून मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. सूर्य मावळताना घुमटामागचं आभाळ केशरी झालं होतं, तो हा शेवटून दुसरा. त्याचा लगेच मेसेज आला, "मामू, स्टेटस पे रखूं क्या?" मी म्हटलं, ठेव की. पाच मिनिटांत त्याच्या अम्मीचा, म्हणजे माझ्या बहिणीचा फोन. "भाईजान, त्याला कसलंही स्टेटस ठेवायला सांगू नका. फुलाचं नको आणि देवाचंही नको."

तिचं काय चुकलं? जून २०२३ मध्ये याच शहरात स्टेटसवरूनच पेटलं. काही पोरांनी आक्षेपार्ह स्टेटस ठेवलं, त्यावर ७ जूनला बंद, मोर्चा, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. इंटरनेट बंद झालं. एका हिंदू घरच्या लग्नाचे फोटो मला पाठवायचे होते, ते अडकले. नवरीचे वडील स्वतः दुकानात येऊन पेन ड्राइव्ह घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, "भाई, शटर अर्धंच ठेवा." पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरला जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. अतिक्रमण गडावर, असं म्हणत निघालेल्या जमावानं घरं फोडली ती खाली वाडीतली. मशिदीची मोडतोड केली. खासदार शाहू छत्रपती तिथं गेले, लोकांना जवळ घेतलं, हे मोलाचंच. पण माझ्या बहिणीच्या मनातली भीती काही तेवढ्यानं जात नाही. आणि स्टेटस ठेवणाऱ्या पोरांनाही मी शाबासकी देत नाही. दुसऱ्याला डिवचायला ठेवलेला फोटो काय कामाचा? पण एका पोराच्या फोनचा हिशेब सगळ्या मोहल्ल्याच्या काचांनी चुकवायचा, ही कुठली रीत?

अशा वेळी एक शब्द फार ऐकू येतो, तो म्हणजे 'शांतता'. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मीही एक-दोनदा गेलोय. चहा येतो, बिस्किटं येतात, सगळे म्हणतात आमच्याकडून शांतता राहील, आणि घरी जातात. वाचनालयात, दवाखान्यात 'शांतता राखा' अशी पाटी असते, म्हणजे बोलू नका. शब्दकोश काढलात तर शांतता आणि शांती यांचा अर्थ जवळजवळ एकच मिळेल. पण वापरात मला फरक दिसतो. वर्ध्याच्या स्तूपाला कुणी 'विश्वशांतता स्तूप' म्हणत नाही. शांतता गप्प बसल्यानं येते. गजापूरला दुसऱ्या दिवशी शांतताच होती. आपणही दिवसातून पन्नास वेळा एकमेकांना सलाम करतो, म्हणजे 'तुझ्यावर शांती असो' म्हणतो. समोरचा नुसता गप्प राहिला तर तो सलाम पुरा होत नाही, त्यानं 'वालेकुम सलाम' म्हणावं लागतं.

हे बोलताना मला धौली आठवते. तिथं मी गेलेलो नाही, पण वाचलंय. कलिंगाचं युद्ध त्याच मुलखात झालं असं मानतात. टेकडीवर फुजींचा पांढरा स्तूप आहे आणि खाली खडकावर सम्राट अशोकाचे लेख. आपण शाळेत शिकलो की कलिंगात लाख माणसं मेली आणि अशोकाला पश्चात्ताप झाला. तो पश्चात्ताप त्याच्या तेराव्या शिलालेखात आहे. गंमत अशी, की तो तेरावा लेख धौलीला नाहीच. गिरनारला आहे, दूर वायव्येला शाहबाजगढीला आहे, पण जिथं माणसं मेली त्या कलिंगात नाही. तिथं त्याच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, आणि ते सरकारी अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. त्यांचा आशय असा, की सगळी माणसं माझी लेकरं आहेत. कुणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका. मत्सर, उतावीळपणा आणि आळस सोडून न्याय करा. अशोकानं असं का केलं यावर विद्वान वाद घालोत. मला एवढंच दिसतं, की हरलेल्या माणसासमोर त्यानं स्वतःच्या दुःखाचं भाषण कोरलं नाही, तिथं त्यानं फौजदाराला हुकूम दिला. मार खाल्लेल्या वस्तीला त्याचाच उपयोग असतो. पंचनामा नीट व्हावा, भरपाई वेळेवर मिळावी, ज्यानं केलं त्याच्यावर गुन्हा लागावा आणि ज्यानं नाही केलं त्याला सोडावं. दोन्ही बाजूंना सारखंच.

आपण कोल्हापूरकर असा विषय निघाला की लगेच शाहू महाराजांचं नाव घेतो. घ्यावंच. पण महाराजांनी नुसती शांततेची आवाहनं केली नाहीत. १९०६ साली मुसलमान मुलांसाठी शिक्षणसंस्था काढली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच आलं. १९२० साली माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा ९ डिसेंबर १९५० ला बसला, ते हयात असताना. त्यानंतर सहा वर्षांनी त्यांनी नागपुरात बुद्धाचा धम्म घेतला. वर्ध्याच्या स्तूपावर मला जे कितीतरी लोक भेटले त्यांच्यासाठी ते फिरायचं ठिकाण नव्हतं, आजोबांनी मिळवलेली माणूसपणाची जागा होती. एक मावशी नातवाला मूर्तीपुढं उभं करून म्हणाल्या, "भाऊ, ह्याचा चांगला काढा, फ्रेम करायची हाय." तो फोटो इथं लावलेला नाही, तो त्यांच्या घरी आहे.

शेवटी एक आपल्या गावची गोष्ट. कोल्हापुरातही स्तूप होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भर गावात तो सापडला. आत दगडी पेटी, पेटीत स्फटिकाचा करंडक. पेटीच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत दोन नावं आहेत : दान बम्हाचं, करवून घेतलं धम्मगुत्तानं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही दोघं. पुढं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठाला, १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, रोमच्या बाजूनं आलेली. म्हणजे परक्या देवाची मूर्ती या गावात तेव्हाही नांदत होती. स्तूपाचा मात्र फोटो काढावा असं आज काही उभं नाही. मी एक सकाळ गावात फिरलो. मोबाइलची दुकानं, वडापावचे गाडे, पार्किंगची भांडणं. बम्हा आणि धम्मगुत्त यांच्या गावात आता आपण राहतो, इतकंच काय ते कळलं.

तर येत्या रविवारी सकाळी सात वाजता ब्रह्मपुरीवर जमायचं ठरवलंय. तिथून टाऊन हॉल, मग दसरा चौक, मग बिंदू चौक असं चालायचं. ज्याच्याकडं कॅमेरा आहे त्यानं कॅमेरा आणावा, नसेल त्यानं फोन आणावा. फोन रात्री चार्ज करून ठेवा, नंतर माझ्याकडं चार्जर मागू नका. माझा भाचा येणार आहे. बहिणीला मी सांगितलंय तूही चल, ती अजून हो म्हणालेली नाही. तुमच्यापैकी कुणी बायका-मुली येणार असाल तर मला आत्ताच नावं द्या, म्हणजे तिला सांगता येईल.