खाते त्यांचे, नोंद आपली



देवघेवीच्या टेबलामागे आयुष्य काढलेल्या एका बाईला तुम्ही ग्रंथपालांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावर बसवलेत, याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. अध्यक्षीय भाषणात ग्रंथालय चळवळीच्या इतिहासाचा आढावा घ्यायची रीत आहे. रत्नागिरीला १८२८ साली, नाशिकला १८४० साली, पुण्याला १८४८ साली वाचनालये निघाली, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. म्हणून तो आढावा मी तुमच्यावरच सोपवते आणि रोजच्या कामातल्या एका वस्तूबद्दल बोलते. ही वस्तू टेबलाच्या खणात, नोंदवहीच्या शेजारी असते. कामाच्या वेळात तिच्यात डोके घातलेले दिसले की कार्यकारिणीच्या कपाळाला आठ्या पडतात. मोबाइल.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि त्यांत ‘क’ आणि ‘ड’ वर्गाचीच बहुसंख्या आहे. अशा ग्रंथालयात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तीन पदे बहुतेक वेळा एकाच माणसात नांदतात. सकाळी झाडू मारणारा, दैनिके लावणारा, पुस्तके दाखल करणारा आणि अनुदानाच्या कागदांसाठी जिल्ह्याच्या गावी खेपा घालणारा हाच माणूस गेल्या काही वर्षांत आणखी एक काम करू लागला आहे. ते त्याला कुणी सांगितलेले नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही. त्याने वाचकांचा व्हॉट्सॲप गट काढला, फेसबुकवर ग्रंथालयाचे पान उघडले, नव्या पुस्तकांचे रील करून पाहिले. काही जमले, काही फसले. या माणसाच्या बाजूने आज मला बोलायचे आहे, आणि त्यालाही चार गोष्टी सांगायच्या आहेत.

नवी पद्धत आली की आपल्याकडे आधी भीती येते, हे जुनेच आहे. कपाटांची कुलुपे काढून मुक्तद्वार पद्धत आणायची म्हटली, तेव्हा पुस्तके चोरीला जातील आणि फडताळांत गोंधळ माजेल, असे सांगणारे होते. डॉ. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले तिसरे सूत्र म्हणते की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मुक्तद्वार पद्धत हवी ती त्यासाठीच, असे त्यांचे म्हणणे होते. तेच सूत्र मोबाइललाही लावावे. फडताळावर पडून राहिलेल्या पुस्तकाला वाचक मिळत असेल तर ते साधन आपल्या कामाचे. मिळत नसेल, तर कितीही अंगठे वर झाले तरी ते आपल्या कामाचे नाही.

या बाबतीत अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी २००६ साली कर्मचाऱ्यांपुढे तेवीस छोट्या गोष्टींची यादी ठेवली. स्वतःचा ब्लॉग उघडा, फ्लिकरवर छायाचित्र चढवा, विकीवर चार ओळी लिहा, लायब्ररीथिंगवर आपली पुस्तके नोंदवा, अशा त्या गोष्टी होत्या. नऊ आठवड्यांत आपापल्या गतीने त्या करायच्या, करता करता शिकायचे, अडले तर एकमेकांना विचारायचे. यादी पुरी करणाऱ्याला संस्थेकडून एक एमपी-थ्री प्लेअर. तो आराखडा शार्लटने इतरांसाठी खुला ठेवला, त्यामुळे ‘तेवीस गोष्टी’ या नावाने जगातल्या कितीतरी ग्रंथालयांनी तो उचलला. मला त्यातले सगळ्यात काय आवडले असेल तर हे की, करून पाहणे हे कामच आहे, असे संस्थेने आपणहून म्हटले. आपल्याकडचा ग्रंथपाल मात्र तेच काम चोरून करतो.

आज ती यादी काढून पाहिली तर मात्र वेगळाच धडा मिळतो. दुवे साठवण्याचे डिलिशस आणि बातम्या गोळा करणारे ब्लॉगलाइन्स आता वापरात राहिलेले नाहीत. गूगल रीडर २०१३ साली बंद झाले. ज्या ऑर्कुटवर आपली मुले मराठी पुस्तकांवर तावातावाने भांडत असत, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. गूगल प्लस २०१९ मध्ये गेले. टिकटॉकवर आपल्या देशात जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्यावर ज्यांनी वाचकवर्ग जमवला होता, त्यांच्या हाती काही उरले नाही. यातले एकही साधन कर्मचाऱ्यांच्या चुकीने बंद पडले नाही. ती दुसऱ्याच्या मालकीची होती आणि मालकाला किंवा सरकारला वाटले तेव्हा ती संपली.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. प्रयोग खुशाल करा, बिनधास्त करा, पण त्या प्रयोगातून जे निपजेल त्याची नोंद आपल्या दप्तरात ठेवा. खाते त्यांचे असले तरी नोंद आपली असली पाहिजे.

ही पहिली गोष्ट. म्हणजे नेमके काय, ते दिवाळी अंकांवरून सांगते. वर्गणी भरून दिवाळी अंक वाचायची योजना आपल्या प्रत्येकाकडे असते. वाचक संध्याकाळी येतो, ‘मौज आला का?’ विचारतो, ‘बाहेर आहे’ ऐकले की तोंड पाडून हाताला लागेल तो अंक घेऊन जातो. माझ्या परिचयाच्या एका ग्रंथपाल बाईंनी यावर साधा उपाय काढला. रोज संध्याकाळी बंद करायच्या आधी त्या जागेवर असलेले अंक टेबलावर ओळीने मांडतात आणि एक फोटो काढून वाचकांना पाठवतात. फोटोत एका कडेला पाटी असते आणि तिच्यावर खडूने त्या दिवसाची तारीख. ती पाटी हवीच, कारण परवाचा फोटो पुढे ढकलला जातो आणि तो बघून माणसे आज येतात. खाली ओळ असते : ‘हे अंक जागेवर आहेत. निरोप आल्यास उद्या दुपारपर्यंत राखून ठेवू.’ निरोप येऊ लागले की बाई मोबाइल बाजूला ठेवत नाहीत आणि त्याच्यावर विसंबतही नाहीत. शंभर पानी वहीत सभासद क्रमांक, अंकाचे नाव आणि वेळ लिहितात. सकाळपर्यंत ते निरोप सुप्रभातच्या फुलांखाली गाडले गेलेले असतात, हे त्यांना ठाऊक आहे. हंगाम संपल्यावर ती वही सांगते की कुठल्या अंकाला किती मागण्या आल्या आणि कुठला अंक कुणी हातातही घेतला नाही. पुढल्या वर्षीची खरेदी त्यावरून ठरते. फोन बदलला तेव्हा बाईंचे सगळे फोटो गेले. वही कपाटात आहे.

दुसरी गोष्ट आपल्या जुन्या कसबाची. तालिकेत आपण ‘पाहा’ अशी नोंद करतो. शिरवाडकर, विष्णु वामन : पाहा कुसुमाग्रज. खानोलकर, चिं. त्र्यं. : पाहा आरती प्रभु. गोडघाटे, माणिक : पाहा ग्रेस. संगणकाला हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. वाचक खानोलकरांचे नाव टाकतो, कविता त्याला सापडत नाहीत आणि ‘ग्रंथालयात नाही’ असे समजून तो निघून जातो. मराठीत याच्या वर आणखी अडचणी आहेत. कुलकर्णी आणि कुळकर्णी, तेंडुलकर आणि तेंडूलकर. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण शोधयंत्राला ती निराळी वाटू शकतात. त्यात ज्यांच्या याद्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या आहेत, त्यांना त्या आज उघडल्यावर नुसती खिचडी दिसते. तुम्ही कोहा किंवा ई-ग्रंथालय ही संगणक प्रणाली वापरा नाहीतर साधी एक्सेलची यादी करा. युनिकोडमध्ये करा आणि नावांची एक प्रमाण यादी आधी ठरवा. शं. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची संगणक नसताना केली. ती आजही हाताशी लागते, कारण नोंद काटेकोर आहे.

तिसरी गोष्ट वाचकाच्या खासगीपणाची. गट काढताना आपण वाचकांना विचारत नाही आणि सगळ्यांचे फोन क्रमांक सगळ्यांपुढे उघडे करतो. मग एखाद्या सभासद बाईंना रात्री अकराला अनोळखी निरोप येतो आणि त्या गटही सोडतात आणि ग्रंथालयही. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी करावी किंवा चॅनल काढावे. तिथे वाचकांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. थकबाकीदारांची नावे गटावर टाकण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती आजच बंद करा. कोणी काय वाचायला नेले हेही जाहीर करू नका, कौतुकाने सुद्धा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला, पण कायदा नसता तरी हे आपल्या धंद्याचे इमान आहे.

चौथी गोष्ट पीडीएफची. नव्या कादंबरीची फाइल गटावर येते, ‘ग्रंथपालांनीच टाकली’ म्हणून लोक खूश होतात, आणि पुस्तके विकत घेऊन दाखल करणारी संस्थाच चोरीच्या मालाचे वाटप करते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतात आणि ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून मुक्त आहे. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनावरचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. हा हिशेब ज्याला करता येतो त्याने तो वाचकांनाही समजावून सांगावा. हक्क संपलेल्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत आहे, विश्वकोश तर सर्वांसाठी खुलाच आहे. ते दाखवा. यूट्यूबवर कथावाचन करायचे असेल तर लेखकाला नाहीतर प्रकाशकाला एक पत्र लिहा. मराठी लेखक कोरडा नकार फार क्वचित देतो.

आता जे मला सगळ्यांत मोलाचे वाटते ते. कादंबऱ्या, आत्मचरित्रे, पाककृतीची पुस्तके सगळ्या ग्रंथालयांत तीच असतात. तुमच्या गावच्या शाळेची शताब्दी स्मरणिका, नगरपालिकेचे जुने अहवाल, बंद पडलेल्या साप्ताहिकाची फाइल, नाट्यमंडळाच्या हस्तपत्रिका मात्र तुमच्याच कपाटात असतात. गावातून मुंबईला, पुढे दुबईला, न्यू जर्सीला गेलेला माणूस शोधत असतो तो हाच ऐवज, आणि तो कुठल्याही शोधयंत्रात सापडत नाही. कारण त्याची नोंद कुणी केलेली नाही. आठवड्याला एक वस्तू काढा. तिचे मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका यांचा फोटो घ्या, खाली वर्ष, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि दाखल क्रमांक लिहा आणि मगच ते समाजमाध्यमावर टाका. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. त्यातल्या तुमच्या तालुक्याच्या लेखाला संदर्भ नसतील, तर ते तुमच्याइतके चांगले कोण देणार? मूळ विकिपीडियाच्या वाढदिवसाच्या सुमारास, जानेवारीत, प्रत्येक ग्रंथपालाने एक संदर्भ जोडावा अशी मोहीम २०१६ पासून जगभर चालते. आपण ती जिल्हावार चालवू.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारल्याशिवाय तुम्ही मला इथून जाऊ देणार नाही, म्हणून तेही सांगते. वापरून बघा. पण ही यंत्रे अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे लेखकासकट ठणकावून सांगतात. वाचक ती यादी घेऊन टेबलाशी येतो तेव्हा त्यातले खरे कोणते आणि बनावट कोणते हे सूची उघडून दाखवणे, ही आता आपली नवी संदर्भसेवा आहे.

संस्थाचालकांना माझ्या मागण्या थोड्या आणि रोकड्या आहेत. ग्रंथालयाचे सिमकार्ड संस्थेच्या नावावर घ्या. आज कर्मचारी स्वतःच्या फोनवर पान उघडतो आणि तो निवृत्त झाला की पान त्याच्याबरोबर जाते. प्रत्येक खात्याला दोन चालक असू द्या आणि पासवर्ड बंद लखोट्यात कार्यवाहांकडे ठेवा, जसे तुम्ही तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीचे करता. कामाच्या वेळेतला रोजचा अर्धा तास या कामासाठी ठरावाने मान्य करा. आणि वार्षिक सभेत ‘अनुयायी किती?’ असे विचारण्याऐवजी ‘किती पुस्तके हलली?’ असे विचारा. त्याचे उत्तर देण्यासाठी देवघेवीच्या नोंदीत ‘कुठून कळले’ असा एक रकाना घालावा, म्हणजे वर्षअखेर कुणाला अंदाजाने बोलावे लागणार नाही.

तुटपुंज्या वेतनात हे सगळे करायचे का, हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो आहे. वेतनश्रेणीचा आणि अनुदानवाढीचा लढा आपला आहेच आणि समारोपाच्या सत्रात त्याचे ठराव येणार आहेत. त्यांना माझा पाठिंबा आहे. त्या लढ्यातही आपल्या हाती कागद असावा लागतो. किती प्रश्नांना उत्तरे दिली, किती वाचक परत आले, गावाबाहेरून कुणी काय मागितले, हे लिहून ठेवलेले असेल तर ‘ग्रंथपाल दिवसभर करतो काय?’ असे विचारणाऱ्यापुढे वही ठेवता येते.

दुपारचे सत्र अनुभवकथनाचे आहे. अशा सत्रांत यशोगाथांचा पाऊस पडतो. यंदा मी संयोजकांना एक विनंती केली आहे आणि त्यांनी ती मानली आहे. बोलायला उठणाऱ्या प्रत्येकाने सुरू करून बंद पडलेल्या एका प्रयोगाविषयी आधी सांगायचे : का सुरू केला, कशाने थांबला, दप्तरात काय उरले. त्याची टिपणे घेतली जातील आणि अधिवेशनाच्या अहवालात छापली जातील. पुढच्या वर्षी तोच खड्डा कुणी पुन्हा खणू नये, एवढे त्यातून साधले तरी मी माझे अध्यक्षपद सार्थकी लागले असे समजेन.